लघ्वांत्रातील जीवाणूंची अतिवाढ

लहान आतड्यात जीवाणूंची संख्या प्रमाणाबाहेर वाढल्याने होणारा पचनविकार. एरवी जठरातील अम्ल, पित्तरस, आतड्याचे क्रमसंकोच आणि लहान-मोठ्या आतड्यांमधील झडप ही वाढ रोखतात.

कारणे : दीर्घकालीन मधुमेहाने आतड्याची हालचाल मंदावणे, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर राहिलेला आतड्याचा बंद फाटा इत्यादी. भारतात आंत्रक्षयाने आतडे अरुंद होणे हेही महत्त्वाचे कारण आहे; आकुंचनाच्या वरच्या बाजूस अन्न तुंबते व तेथे जीवाणू फोफावतात.

लक्षणे : पोट फुगणे, गुडगुडणे, जुलाब, वजन घटणे. जीवाणू ब-१२ जीवनसत्त्व वापरून टाकत असल्याने पांडुरोग होऊ शकतो.

निदान : उपाशीपोटी रुग्णाला ग्लुकोजचे पाणी पाजून ठरावीक अंतराने उच्छ्वासाचे नमुने घेतात. 90 मिनिटांत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा दशलक्ष भागांत 20 किंवा अधिक भागांनी वाढल्यास चाचणी होकारार्थी मानतात. आतड्यातील द्रवाच्या संवर्धनात दर मिलिलिटरला 1,000 किंवा अधिक जीवाणू-वसाहती आढळणे हा दुसरा निकष होय.

उपचार : रिफॅक्सिमिन हे रक्तात अत्यल्प शोषले जाणारे प्रतिजैविक साधारणतः दोन आठवडे देतात. मेट्रोनिडॅझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन हीही वापरतात. उष्णकटिबंधीय स्प्रू या जवळच्या विकारात मात्र टेट्रासायक्लीन व फॉलिक अम्ल काही महिने द्यावे लागते. मूळ कारण दूर न झाल्यास विकार उलटतो. म्हणून आंत्रक्षय, मधुमेह यांवरील उपचार आणि ब-१२ची भरपाई आवश्यक ठरते. प्रतिजैविके वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.