‘मंदिरामागचा भक्कम बांध’

* केदारनाथ मंदिरामागचा हा बांध कोणी घातलेला नाही. तो चोराबारी हिमनदीचा हिमोढ आहे. हिमनदी सरकताना डोंगर खरवडते आणि निघालेला माल काठांवर व मुखाशी टाकत जाते. बर्फ मागे हटले की हेच ढिगारे लांबलचक वरंब्यांसारखे उघडे पडतात. नदी दगड घासून गोटे करते, लहानमोठे वेगळे टाकते. हिमोढात मात्र खोलीएवढी धोंड आणि बारीक भुकटी एकत्रच पडलेली असते, आणि त्यांना धरून ठेवणारे फारसे काही नसते. म्हणून लेखकाचे ‘भक्कम’ हे विशेषण तेवढे मान्य करता येत नाही. केदारनाथची वस्तीही हिमनदीने आणि तिच्या वितळलेल्या पाण्याने आणून टाकलेल्या अशाच भरावावर आहे. काठच्या हिमोढाआड २०१३ पर्यंत साठणारे तळे म्हणजे चोराबारी ताल. १९४८ मध्ये तेथे गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या, तेव्हापासून ते गांधी सरोवर म्हणूनही ओळखले जाते. मूळ मजकूर २०१३ पूर्वीचा आहे. त्या वर्षी १७ जूनच्या सकाळी, अतिवृष्टीच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने तळे तुडुंब भरून हा हिमोढ फुटला. मंदिरामागे आज पुजली जाणारी भीमशिला त्याच लोंढ्यात आलेली. — संपा.