शरणपूरची पोरं

त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरच्या अलीकडं आमच्या करकंबला येते. आजीचा थोरला भाऊ सुतारकामाला म्हणून नाशकात गेला आणि तिथलाच झाला. तो दरसाल याच दिंडीबरोबर चालत यायचा. आम्ही त्यांना नाशिककर आजोबा म्हणायचो. आजी गरम पाण्याचं घंगाळ पुढं सरकवायची, आजोबा त्यात सुजलेले पाय सोडून बसायचे आणि आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. "आजोबा, हबशी पोरांची गोष्ट सांगा!"

ती त्यांनी ऐकली होती आपल्या उस्तादाकडून. म्हातारा मिस्त्री शरणपूरचा ख्रिस्ती. लहानपणी त्या मुलांच्या बरोबरीनं रंधा धरायला शिकलेला.

आफ्रिकेतून पकडून गलबतांत कोंबलेली ही लेकरं. इंग्रजी आरमार गलबतं अडवी, पोरांना सोडवून मुंबई बंदरात उतरवी. आईबाप तुटलेले, परतीचं गाव उरलेलं नाही. त्यांतली बरीच नाशिकजवळच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वस्तीत आली. विल्यम प्राइस नावाचे पाद्री तिथलं काम पाहत. मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या शेजारात ती वाढली, अक्षरं गिरवली, सुतारकी-लोहारकी शिकली. बाप्तिस्मा झाला की नावं बदलत. जेकब, मॅथ्यू, एडवर्ड.

1865 साली आफ्रिकेचे शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. पुढच्या सफरीसाठी त्यांना माणसं हवी होती. जानेवारी 1866 मध्ये त्यांनी बंदर सोडलं तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण सोबत होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकलेला चुमाही होता. नऊच्या नऊजण काही शेवटपर्यंत टिकले नाहीत. कुणी वाटेत मेला, कुणी साथ सोडली. पुढं 1872 मध्ये आणखी काहीजण जाऊन मिळाले, त्यांत जेकब वेनराइट होता.

1 मे 1873 ला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारले. इथं आजोबांचा आवाज खाली यायचा. साहेबाला तिथंच मूठमाती देऊन मोकळं होता आलं असतं. पोरांनी ते केलं नाही. देह उघडायच्या कामात शरणपूरच्याच कॅरस फरारनं हात दिला. काळीज झाडाखाली पुरलं, जेकबनं प्रार्थना वाचली आणि खोडावर अक्षरं कोरली. मग देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. चुमा आणि दुसरा सोबती सुसी पुढारपण करत होते. मयत आहे म्हटल्यावर गावं वाट अडवत, म्हणून पुढं कापडाच्या गाठोड्याचं सोंग दिलं. ताप, उपास, नद्या. हजार मैलांहून जास्त चालून फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्याला लागले.

"पालखीला खांदा देतो ना आपण, तसा," आजोबा म्हणायचे, "पण यांना पुढं पंढरपूर दिसत नव्हतं."

एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं. शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकब होता.

माझ्या मनात मात्र त्यापुढचीच हकिगत जास्त भरते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. 1875 मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसवलं, ते शरणपूरच्या माणसांच्या बळावर. शाळा, सुतारखाना, उपासना, सगळीकडे हीच मंडळी. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर तर त्याआधीच जवळच्या रबाईला पोचले होते. 1885 मध्ये दोघांना पाद्रीपणाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांचा मागं राहिलेला तांडा जोन्सनं माघारी आणला. आफ्रिकेतलं मिशन म्हटलं की गोऱ्या पाद्रीबुवांची चित्रं डोळ्यांपुढं येतात. मला हे अन्यायाचं वाटतं. गुलाम म्हणून हिरावलेली ही मुलं आमच्या गोदाकाठी वाढली आणि शिकवायला परत गेली. महाराष्ट्राच्या इतिहासात त्यांना हक्काचं पान हवं.

लिव्हिंग्स्टनचा देह वाहून नेणाऱ्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन 1935 पर्यंत मोंबासात हयात होता. तोवर नाशिककर आजोबा नाशकात स्वतःच्या हत्यारांनी काम करू लागले होते. एक पत्र गेलं असतं तर शरणपूरचं काय काय आठवतं, हे त्याला विचारता आलं असतं.