खाडाखोड न होणारी वही

शाळेतले जनरल रजिस्टर आपल्या सर्वांच्या परिचयाचे. पाने शिवलेली, प्रत्येक पानाला क्रमांक. नोंद चुकली तर ती खरवडायची नाही. आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहायची आणि मुख्याध्यापकांची सही घ्यायची. हे सारे कशासाठी? मागची नोंद कुणी गुपचूप बदलू नये म्हणून.

संगणकावरच्या नोंदीला ना शिवण, ना शाई. ती बदलली तरी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. मग तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा? अमेरिकेतील बेल्कोर या संस्थेतल्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ साली यावर उपाय मांडला. मजकुरावर विशिष्ट गणिती प्रक्रिया केली की ठरावीक लांबीची एक संख्या मिळते. तिला आपण मजकुराचा ‘ठसा’ म्हणू. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफला की साखळी तयार होते. मधली एक नोंद बदलली, तर पुढची सगळी साखळी विसंगत ठरते. १९९५पासून असा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. घरोघर गेलेला अंक कोण बदलणार?

२००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची योजना प्रसिद्ध झाली. तिच्यात वृत्तपत्राच्या जागी अनेक संगणकांवर ठेवलेल्या प्रती आल्या. अशा रचनेला पुढे ‘ब्लॉकचेन’ हे नाव पडले.

२०२२ साली ती गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीला पोहोचली. तेथील उपविभागीय कार्यालयाने सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेतले. बनावट दाखल्यामुळे खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते. आता हातातल्या दाखल्याचा ठसा साखळीतल्या ठशाशी ताडून पाहता येतो. जुळला नाही तर दाखल्यात फेरफार आहे.

पण साखळी सांगते ते एवढेच, की नोंद नंतर बदललेली नाही. ती मुळात खरी होती का, हे साखळीला कळत नाही. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा म्हणून पुष्कळदा जनरल रजिस्टरातला उताराच जोडतात. तिथे पहिल्याच दिवशी चूक झाली, तर ब्लॉकचेन ती चूकही तितक्याच इमानाने जपेल. म्हणून प्रवेशाच्या दिवशी, समोर बसलेल्या पालकांना नीट विचारून आपण जी ओळ लिहितो, ती या साखळीची पहिली कडी आहे.