इरॅस्मसोत्तर नैराश्य

इरॅस्मसोत्तर नैराश्य ही युरोपातील विद्यार्थ्यांमध्ये रूढ असलेली एक अनौपचारिक संज्ञा आहे. इरॅस्मस विनिमय कार्यक्रमांतर्गत परदेशातील शहरात एक-दोन सत्रे शिकून मायदेशी परतलेल्या विद्यार्थ्याला ते शहर व तेथील सहवास दुरावल्यामुळे जी उदासी जाणवते, ती या संज्ञेने दर्शविली जाते. नावात 'नैराश्य' हा शब्द असला तरी हे वैद्यकीय निदान नाही. सामाजिक शास्त्रांत या अनुभवाचा विचार 'उलट सांस्कृतिक धक्का' या व्यापक संकल्पनेखाली केला जातो.

== पार्श्वभूमी ==
इरॅस्मस कार्यक्रम इ.स. १९८७ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी त्यात भाग घेतला. युरोपातील अनेक विद्यानगरांत वास्तव्य केलेले डच विद्वान डेसिडेरियस इरॅस्मस यांचे नाव या कार्यक्रमाला देण्यात आले आहे. इ.स. २०१४ पासून तो 'इरॅस्मस प्लस' या नावाने राबविला जातो. विद्यार्थी आपल्या मूळ विद्यापीठातच नोंदणीकृत राहतो आणि ठरलेली मुदत संपताच तेथे परततो. शहर सोडण्याचा दिवस अशा प्रकारे बहुधा जाण्यापूर्वीच ठरलेला असतो.

== संकल्पनेचा विकास ==
'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर याने इ.स. १६८८ मध्ये बाझेल येथील आपल्या वैद्यकीय प्रबंधात घडविला. 'घरी परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. होफरने दिलेल्या उदाहरणांत शिक्षणासाठी बाझेलला आलेल्या बर्नच्या एका तरुणाचा समावेश आहे. घराच्या ओढीने आजारी पडलेला हा तरुण घराकडे निघताच सुधारू लागला. इरॅस्मसोत्तर उदासीत ओढीची दिशा नेमकी उलटी असते. येथे घरी परतणे हा उपाय नसून दुःखाचे कारण ठरते.

समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झ यांनी इ.स. १९४५ मध्ये 'घरी परतणारा' या विषयावर निबंध लिहिला. परक्या प्रदेशात जाणारा माणूस अनोळखी गोष्टींची अपेक्षा ठेवून जातो, तर परतणारा माणूस घर पूर्वीसारखेच असेल असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो स्वतः आणि त्याचे घर, दोन्ही बदललेले असतात, असे त्यांनी दाखविले.

इ.स. १९५५ मध्ये स्वेर्रे लिसगोर यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या फुलब्राइट अभ्यासकांच्या मुलाखतींच्या आधारे परदेशातील समायोजनाचा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख मांडला. त्यानुसार आरंभीच्या उत्साहानंतर अवघड काळ येतो व पुढे माणूस स्थिरावतो. जॉन व जीन गुलाहॉर्न यांनी इ.स. १९६३ मध्ये त्याला मायदेशी परतल्यानंतरचा दुसरा उतार जोडून 'डब्ल्यू' आकाराचा आलेख सुचविला. प्रत्येक विद्यार्थ्याचा अनुभव या क्रमानेच घडतो असे मात्र नाही.

== कारणे व स्वरूप ==
विनिमयाच्या काळात विद्यार्थी नवे शहर, नवी भाषा आणि स्वतंत्र राहणी एकाच वेळी अनुभवतो. परतल्यावर तो जुन्या दिनक्रमात, अनेकदा पालकांच्या घरी, येऊन पडतो. मित्रांना व कुटुंबीयांना त्याच्या आठवणी काही दिवसच ऐकाव्याशा वाटतात. दररोज बोलली जाणारी परकी भाषा वापराअभावी मागे पडू लागते.

या विरहाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की शहर जागेवर असले तरी तेथील सोबत्यांचा समूह सत्राअखेरीस आपापल्या देशांत विखुरतो. त्यामुळे पुन्हा भेट दिली तरी रस्ते व इमारती सापडतात, पूर्वीचे जीवन सापडत नाही. ज्याचा शोक करायचा ते शहर 'हरवलेले' नसल्याने हे दुःख इतरांना क्षुल्लक वाटू शकते.

== भारतीय विद्यार्थी ==
इ.स. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'इरॅस्मस मुंडस' पदव्युत्तर अभ्यासक्रमांमुळे महाराष्ट्रासह भारतातील विद्यार्थीही या अनुभवाशी जोडले गेले. या अभ्यासक्रमांत किमान दोन देशांत शिक्षण घ्यावे लागत असल्याने शहराचा निरोप एकाहून अधिक वेळा घ्यावा लागतो. युरोपीय संघाच्या नागरिकाला जुन्या शहरात व्हिसाशिवाय जाता येते. भारतीय नागरिकाला मात्र नव्याने व्हिसा काढावा लागतो.

== चित्रपटात ==
सेद्रिक क्लापिश दिग्दर्शित 'लोबेर्ज एस्पान्योल' (इ.स. २००२) या चित्रपटात बार्सिलोनात वर्षभर शिकून पॅरिसला परतलेला झाविये हा तरुण स्वतःच्याच शहरात उपरा ठरतो. सरकारी नोकरीच्या पहिल्याच दिवशी तो कार्यालयातून पळ काढतो आणि लेखनाकडे वळतो.

== उपाय ==
परदेशी मित्रांशी संपर्क, भाषेचा सराव आणि आपल्या विद्यापीठात आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मदत हे प्रचलित मार्ग आहेत. इ.स. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या 'इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क'च्या स्थानिक शाखांत परतलेले विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून काम करतात. कालचा पाहुणा तेथे यजमान होतो.

ही उदासी सहसा कालांतराने ओसरते. मात्र खिन्नता किंवा कशातच रस न वाटणे ही लक्षणे जवळजवळ दररोज, दोन आठवडे वा अधिक काळ टिकल्यास ती केवळ शहराची आठवण न मानता तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

== हे सुद्धा पहा ==
* सांस्कृतिक धक्का
* नॉस्टॅल्जिया
* इरॅस्मस कार्यक्रम