पचमढी
पचमढी : मध्य प्रदेशातील गिरिस्थान व लष्करी छावणी. नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात, सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेतील सु. 1,070 मी. उंचीच्या पठारावर वसलेले. इटारसी–जबलपूर लोहमार्गावरील पिपरिया स्थानकापासून सु. 50 किमी. जवळचे धूपगड (सु. 1,350 मी.) हे सातपुड्यातील सर्वोच्च शिखर. तांबूस वालुकाश्माचे हे पठार कडेला एकाएकी तुटते. हांडी खोहसारख्या अरुंद, खोल दऱ्या तिथूनच सुरू होतात. सातपुड्यात सर्वत्र सागाचे राज्य असले, तरी पचमढीच्या पठारावर आणि खालच्या देनवा खोऱ्यात पूर्वेकडच्या मुख्य पट्ट्यापासून तुटलेले सालवन आढळते.

कॅप्टन जेम्स फोर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याने 1857 मध्ये पचमढीचा ‘शोध’ लावला, असे पर्यटनपुस्तिकांतून छापले जाते. हे साल आणि हा दावा, दोन्ही टिकत नाहीत. फोर्सिथ या पठारावर चढला तो 1862 च्या आरंभी, आणि तेव्हा ते ओसाड मुळीच नव्हते. परिसरातील प्रस्तरालयांत प्रागैतिहासिक चित्रे आहेत. गोंड आणि मुंडा कुळातील भाषा बोलणारे कोरकू यांची वस्ती येथे जुनी असून महादेवाच्या गुहांची राखण कोरकू ठाकुरांकडे होती. गोंडांच्या लिंगोकथेत देव कोंडून ठेवलेली गुहा येते. काही परंपरा ती येथील बडा महादेव गुहेशी जोडतात. राजकीय इतिहासालाही हे डोंगर परके नव्हते. इंग्रजांच्या कैदेतून 1818 मध्ये निसटलेल्या नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांना गोंड सरदारांनी येथेच आसरा दिला. चाळीस वर्षांनी तात्या टोपे नर्मदा उतरून या मुलखातून गेले आणि हर्राकोटचा कोरकू जहागीरदार भभूतसिंह इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. त्याला पकडून देहदंड देण्यात आला, जहागीर जप्त झाली.

गिरिस्थानासाठी जागेची निवड झाली ती या पार्श्वभूमीवर. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. उन्हाळ्यात होरपळणाऱ्या कामठी, नागपूर, जबलपूर येथील गोऱ्या सैनिकांसाठी व अधिकाऱ्यांसाठी थंड जागा हवी होती आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूडही हवे होते. जंगलांच्या पाहणीवर निघालेल्या फोर्सिथला पठारावर मोकळी कुरणे, मधूनमधून राईंनी उभी मोठी झाडे आणि बारमाही पाण्याचे झरे दिसले. बांधकामाला सपाट जागा, हाताशी दगड आणि लाकूड, आणि खालची लू जिथवर पोचत नाही अशी उंची, या गोष्टींनी त्याचे मत बनले. हिमालयातील ठाण्यांच्या मानाने ही उंची अर्धीच. तरी प्रांतात याहून बरे फारसे काही नव्हते. छिंदवाडा जिल्ह्यातील मोतूर येथे कामठीच्या फौजेसाठी आरोग्यधाम करून पाहिले गेले, पण ती जागा सोयीची ठरली नाही.

फोर्सिथने ‘बायसन लॉज’ हा पठारावरचा पहिला बंगला उभारला. मजूर आणि शिधा मिळवताना आलेल्या अडचणी त्याने 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नोंदल्या आहेत. तो त्यांकडे स्थानिकांचा भित्रेपणा आणि आडमुठेपणा म्हणून पाहतो. पण भभूतसिंहाची गत डोळ्यांदेखत पाहिलेल्या लोकांनी साहेबाच्या चुन्या-विटांना हात लावायला नकार दिला असेल, तर त्यात भित्रेपणापेक्षा समजच अधिक होती. पठारावरील जमीन पुढे सरकारने कोरकू जहागीरदाराकडून विकत घेतली.

मात्र नुसत्या हवेवर गिरिस्थान वसत नाही. 1870 मध्ये मुंबई–जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, पिपरियापर्यंत गाडी येऊ लागली, आणि पचमढीचे पारडे जड झाले. छावणी, आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम, चर्च आणि बंगले उभे राहिले; नागपूरचे प्रांतिक सरकार उन्हाळ्यात येथे मुक्कामाला येऊ लागले.

डोंगरातल्या माणसांना या निवडीची खरी किंमत मोजावी लागली ती जंगलात. भभूतसिंहाच्या जप्त मुलखातील बोरीचे जंगल 1865 मध्ये राखीव झाले. देशातील आरंभीच्या राखीव वनांत त्याची गणना होते. झाडोरा तोडून, जाळून राखेत बी पेरण्याची ‘दह्या’ ही शेतीची रीत येथील गोंड-कोरकूंचा पोटाचा आधार होती. फोर्सिथच्या लेखी ती लाकडाची नासाडी होती आणि सरकारचेही धोरण तेच होते. बंदी आल्यावर हेच लोक वनखात्याच्या आणि छावणीच्या मजुरीवर आले. ब्रिटिश राज्य गेल्यावरही लोकांना जंगलापासून तोडणे थांबले नाही: 1981 मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि पुढे व्याघ्रप्रकल्प झाला, आणि बोरी, धाईंसारखी गावे उठवून दुसरीकडे वसवण्यात आली. पचमढी जीवावरण क्षेत्राचा समावेश 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात झाला.

मराठी राजकारणाच्या अभ्यासकाला पचमढी आठवते ती 1938 च्या मे महिन्यातील समेटामुळे. मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे आणि रविशंकर शुक्ल-द्वारकाप्रसाद मिश्र गट यांच्यातील वाद काँग्रेसश्रेष्ठींनी येथे मिटवला. हा समेट दोन महिनेही टिकला नाही आणि जुलैत खरे यांना पद सोडावे लागले.

आज येथे लष्कराच्या शिक्षण विभागाचे प्रशिक्षण केंद्र आहे. बायसन लॉजचे संग्रहालय झाले असून फोर्सिथ पॉइंटला प्रियदर्शिनी म्हणतात. विदर्भातील भाविकांसाठी मात्र ही जागा ‘मोठा महादेव’च राहिली. महाशिवरात्रीला ते नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागड चढतात. तेथे वाहिलेल्या लहानमोठ्या त्रिशुळांचे ढीग पडलेले असतात. नागद्वार या दुसऱ्या तीर्थस्थानाची वाट व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलातून जात असल्याने एरवी बंद असते. ती वर्षातून एकदा, नागपंचमीच्या सुमारास काही दिवस उघडते. तेव्हा पावसात भिजत तेथील पद्मशेष या गुहेपर्यंत चालत जाणाऱ्यांत विदर्भातील यात्रेकरूंचा भरणा मोठा असतो.