बोईसरपलीकडचा धातू

विरारहून डहाणूकडे जाणारी गाडी बोईसरला थांबली की डबा बराच रिकामा होतो. कुणी औद्योगिक वसाहतीत कामाला जातं, कुणी तारापूरच्या अणुवीज केंद्रात. आम्हा वसई-विरारकरांना तारापूर म्हटलं की वीज आठवते. मला मात्र त्या स्टेशनात हटकून प्लुटोनियम आठवतं.

हा धातू निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत बर्कले इथं ग्लेन सीबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओळखला. चारच वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४५ रोजी, त्याचाच बॉम्ब नागासाकीवर पडला. जगाशी त्याची ओळख झाली ती अशी.

प्लुटोनियम तयार होतं अणुभट्टीत. खाणीतल्या युरेनियमचे ९९ टक्क्यांहून अधिक अणू सहजी फुटत नाहीत. पण त्यांनी एक न्यूट्रॉन गिळला, की काही दिवसांत त्यांचं प्लुटोनियम होतं आणि ते मात्र छान फुटतं. म्हणजे चुलीतल्या राखेत नवं सरपण सापडावं, तसंच हे. वापरलेलं इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून ते वेगळं काढतात. आपल्याकडे हे काम तुर्भ्याला सुरू झालं. होमी सेठना यांच्या देखरेखीखाली उभारलेल्या तिथल्या कारखान्याचं उद्घाटन जानेवारी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केलं. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम तुर्भ्याच्याच ‘सायरस’ भट्टीत तयार झालं होतं.

त्या चाचणीची झळ तारापूरला बसली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या, इंधनही तिकडूनच यायचं. अमेरिकेनं हात आखडता घेतला आणि १९८२ नंतर फ्रान्सकडून इंधन घ्यावं लागलं. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढू द्यायचं की नाही, हा वाद दोन देशांत वर्षानुवर्षे चालला. ते इंधन तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत पडून राहिलं.

धातू म्हणून हा मोठा विचित्र. लिटरभर पाण्याच्या तांब्यात मावेल एवढ्याचं वजन जवळजवळ वीस किलो. पण तेवढं एका जागी ठेवताच येत नाही. त्याआधीच अणू फुटण्याची साखळी सुरू होते. त्याचे अल्फा किरण साध्या कागदानंही अडतात. मात्र त्याची धूळ श्वासातून आत गेली, तर फुप्फुसात आणि हाडांत ठाण मांडते. म्हणून कामगार काचेच्या बंद पेट्यांत, पेटीलाच जोडलेल्या हातमोज्यांतून काम करतात. तारापूरला असं प्लुटोनियम मिसळलेलं इंधन तयार होतं. मार्च २०२४ मध्ये कल्पाक्कमच्या ज्या नव्या भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली, तिचं इंधनही इथलंच. थोरियमपर्यंत पोचण्याचा डॉ. होमी भाभांनी आखलेला मार्ग याच धातूवरून जातो.

या मार्गाची किंमतही आपल्याच माणसांनी मोजली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. घर बदललं तरी समुद्र बदलून मिळत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी एक हिशेब सांगतो. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला सुमारे २४,१०० वर्षं लागतात. चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ मध्ये. त्या दिवशी कुणी तिथं शंभर ग्रॅम प्लुटोनियम पुरलं असतं, तर आज त्यातलं एक ग्रॅमही झिजलं नसतं. एवढ्या काळात तटावर वडपिंपळ उगवले, राज्यं आली नि गेली. कुठला बुरूज कशासाठी बांधला, हे सांगणारी माणसंही आज मोजकीच उरली आहेत.

वीज आपण आज वापरतो. पण राखेतलं हे सरपण कुठं ठेवलंय, किती ठेवलंय आणि त्याला हात का लावायचा नाही, हे पुढच्या माणसांना कळायला हवं. ती नोंदवही पिढ्यान् पिढ्या जपणं, हे भट्टी उभारण्याइतकंच मोठं काम आहे. बोईसरला गाडी थांबली की माझ्या मनात हेच येतं.