चिरफाडीचा आरोप

विज्ञानकथेच्या चाहत्यांमध्ये एक समज घट्ट रुजला आहे. ही कथा स्वस्त मासिकांत वाढली, वाचकांनीच तिला मोठं केलं, आणि प्राध्यापकांनी चिरफाड करून तिचा जीव घेतला. आर. डी. मलन आणि डार्को सुविन यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या इंडियानात सुरू केलेल्या ‘सायन्स फिक्शन स्टडीज’ या अभ्यासपत्रिकेवरही हाच आरोप होतो. मला तो मान्य नाही.

मार्च १९७५चा अंक घ्या. तो अमेरिकी विज्ञानकथाकार फिलिप के. डिक यांच्यावर होता आणि त्यात पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांचा निबंध आहे. डिक चाहत्यांना परके नव्हते. चाहत्यांच्या मतांवर ठरणारा ह्यूगो पुरस्कार त्यांना १९६३ मध्येच मिळाला होता. पण त्यांच्या ‘युबिक’ या कादंबरीत दूध नासतं, टीव्हीच्या जागी जुना रेडिओ येतो, नेमकं मेलं कोण हेच पात्रांना कळत नाही, आणि या साऱ्याचा एकसंध उलगडा शेवटपर्यंत होत नाही. कथानक सैल राहिलं, असं म्हणून सुजाण वाचकही पुढे जाईल. लेम म्हणतात, ही विसंगती दोष नव्हे. बाजारू विज्ञानकथेच्या भंगारातून डिक यांनी जे उभं केलं, त्याचा ती भागच आहे. हे वाचून ‘युबिक’ पुन्हा उघडलं की नासलेलं दूधसुद्धा वेगळं दिसतं. याला जीव घेणं कसं म्हणायचं?

सुविन यांचं देणंही असंच. कथेतलं विज्ञान बरोबर की चूक, एवढाच प्रश्न आपल्याकडे अजून बऱ्याचदा विचारला जातो. सुविन यांनी ‘नोव्हम’ ही संज्ञा वापरली: कथेत आलेली अशी नवी गोष्ट, जिच्यामुळे तिथलं सगळं जगच बदलतं आणि आपलं जग आपल्याला परकं भासू लागतं. परीक्षकाची लाल शाई बाजूला ठेवून कथा वाचायला यातून शिकता येतं. मात्र अद्भुतकथेला त्यांनी विज्ञानकथेच्या कुंपणाबाहेर ठेवलं, ते कुंपण फार उंच होतं. तिथे मी त्यांच्या बाजूने नाही.

चिरफाडीच्या या आरोपाचे सर्वांत समर्थ वकील म्हणजे ब्रिटिश कादंबरीकार जे. जी. बॅलर्ड. ‘सायन्स फिक्शन स्टडीज’च्या नोव्हेंबर १९९१च्या अंकात फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रियार यांचे दोन निबंध आले, त्यांतला एक बॅलर्ड यांच्याच ‘क्रॅश’ या कादंबरीवर. संपादकांनी बॅलर्ड यांचं मत मागवलं. बोद्रियार यांच्याबद्दल आदर राखून बॅलर्ड अभ्यासकांच्या सिद्धांतबाजीवर तुटून पडले. विज्ञानकथेला तुम्ही गुदमरवता आहात, आमच्या वाटेला जाऊ नका, असा त्यांच्या पत्राचा रोख होता.

ते पत्र संपादकांनी त्याच अंकात, त्या निबंधांच्या सोबत छापलं.